पदकाच्या कडेवरचं नाव

न्हावा-शेवा बंदरात रात्री शिरणारं जहाज ओळखू येतं ते दिव्यांवरून. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा. हेच तीन रंग शंभर वर्षांपूर्वी एका फितीत विणले गेले. 1914-18 च्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर राबलेल्यांना ब्रिटिश सरकारनं ब्राँझचं पदक दिलं, त्याची ही फीत. पदकाच्या एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला लाटा कापणारं जहाज आणि त्याच्यापुढे बुडणारी पाणबुडी.

मित्रहो, जुनी पदकं नि बिल्ले जमवणारे धातूचं मोल पाहतात, असा आपला समज असतो. जाणकार संग्राहक मात्र आधी भिंग घेऊन पदकाची कड पाहतो. राजाचा मुखवटा साऱ्या पदकांवर सारखाच. कडेवरचं नाव एकाच माणसाचं. ते घासून दुसरं नाव कोरण्याची लबाडीही होते. पण कड घासली की पदकाचा व्यास कमी भरतो. मूळ व्यास सुमारे 36 मिलिमीटर. मोजलं की चोरी पकडली जाते.

आपल्या कोकणातले कितीतरी खलाशी त्या बोटींवर होते. त्यांत आम्हा कोकणी मुसलमानांची घरं पुष्कळ. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात एक स्मारक आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची ते आठवण ठेवतं. जे परत आले, त्यांच्यासाठी असं स्मारक नाही. त्यांची खूण म्हणजे पेटीतलं हे पदक.

ही पेटी घराबरोबर हलते. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं, त्याआधी जुनं शेवा गाव उठलं. घर उठताना पितळ-तांबं भंगारात जातं आणि त्यात एखादं पदकही जातं. त्याच युद्धाचं दुसरं पदक चांदीचं आहे. चांदीचा भाव चढला की ते मुशीत जातं. वजन तेवढं उरतं, नाव वितळतं.

म्हणून घरात असं काही सापडलं तर चिंचेनं घासू नका. वरचा काळपटपणा हे त्याचं कवच आहे. फीत मळकी असली तरी काढू नका. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटापेक्षा साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवा; खारी हवा धातू खाते. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, असा 1972 चा कायदा आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक करा. कडेवरचं नाव रोमन लिपीत, अनेकदा साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आजोबांचं खरं नाव, गाव आणि बोटीचं नाव मराठीत एका चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी त्याच डबीत ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)