मोटरहोमच्या किचनमध्ये टाइल्स का निखळतात?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पण त्यातल्या ओट्यामागे घरासारख्या टाइल्स बसवल्या, तर त्या टिकतीलच असं नाही. गाडी धावताना भिंती हादरतात, किंचित वाकतात. सिमेंट मात्र वाकत नाही. त्याला तडे जातात आणि टाइल्स निखळतात.

दुसरा प्रश्न वजनाचा. सिरॅमिक टाइल्स चौरस मीटरला साधारण १० ते १५ किलो भरतात. गाडीची भारमर्यादा ठरलेली असल्याने तेवढं सामान कमी न्यावं लागतं.

म्हणून अनेक जण मागे गोंद असलेल्या व्हिनाइल टाइल्स निवडतात. भिंतीवरचा तेलकटपणा पुसायचा, ती पूर्ण कोरडी करायची आणि टाइल्स दाबून चिकटवायच्या. कडांना लवचिक सिलिकॉन भरायचं.

फक्त शेगडीमागे व्हिनाइल नको. ते उष्णतेने मऊ पडतं, पेटूही शकतं. तिथे स्टीलचा पत्रा लावावा. शेगडीपासून भिंत किती लांब हवी, हे शेगडीच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावं.