पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी का थांबतात?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला डॉक्टर राऊंडला आले की हमखास विचारतात, "गॅस पास झाला का?" ऐकून हसू येतं ना? पण हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. का, ते आज समजून घेऊ.

आतड्याच्या भिंतीतले स्नायू लाटेसारखे आकुंचन पावतात आणि अन्न पुढे ढकलतात. ही वाट दोन प्रकारे बंद पडते. पीळ पडला किंवा गाठ आली, तर खराखुरा अडथळा तयार होतो. दुसऱ्या प्रकारात वाट मोकळीच असते, पण ढकलणारे स्नायूच थांबतात. पोट फुगतं, उलट्या होतात. याला पॅरालिटिक इलियस, म्हणजे आतड्याचा लकवा म्हणतात. पोटाच्या ऑपरेशननंतर तो बऱ्याचदा दिसतो.

आता खरी गंमत पाहा. सर्जन हात लावतात आतड्याच्या एका भागाला, मग सगळं आतडं का थांबतं?

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून याचं उत्तर शोधलं. २०१० साली 'नेचर मेडिसिन'मध्ये ते प्रसिद्ध झालं. आतडं हाताळलं गेलं की तिथल्या पहारेकरी पेशी इंटरल्युकिन-१२ हा रासायनिक निरोप सोडतात. त्यामुळे 'स्मृती टी पेशी' जाग्या होतात. त्यातल्या काही रक्तातून प्रवास करत, हात न लावलेल्या भागातही पोचतात आणि तिथे दाह सुरू करतात. मग तिथले स्नायूही सैलावतात. ऑपरेशन झालेल्या माणसांच्या रक्तातही तासाभरात या पेशी वाढलेल्या आढळल्या.

मग या पेशींचा प्रवासच अडवला तर? फिंगोलिमॉड नावाचं औषध नेमकं हेच करतं. ते टी पेशींना लसिका ग्रंथींतून बाहेर पडू देत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावर ते वापरतात. उंदरांना ते दिल्यावर आतड्याचा लकवा टळला!

मग प्रत्येक पेशंटला ते का देत नाहीत? कारण हे औषध रोगप्रतिकारशक्ती दाबतं. ऑपरेशनची जखम ताजी, शेजारी आतड्यातले असंख्य जंतू. अशा वेळी पहारा ढिला पडला तर संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून सगळी फौज न थांबवता, साखळीतली एकच कडी थोड्या काळापुरती अडवता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

सध्या डॉक्टर शक्यतो लहान छेद घेतात, अफूवर्गीय वेदनाशामकं कमी वापरतात आणि पेशंटला लवकर चालवतात. तेव्हा नर्सताईंनी आजोबांना उठवलं, तर "राहू द्या हो, झोपू द्या" म्हणू नका. पोट फुगलं किंवा उलटी झाली, तर मात्र लगेच सांगा.

विचार करा : शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच त्रास देऊ लागते, अशी आणखी कोणती उदाहरणं तुम्हाला माहीत आहेत?