मोटारीतील मौनाचे निदान

मिस्त्रीचे कान हे एके काळी त्याचे सर्वांत मोठे हत्यार होते. इंजिनाच्या आवाजावरून तो दोष सांगे, आणि बहुधा तो खराही निघे. आज नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन येणारी लहानशी मालगाडी घेतली, तरी तिच्यातला पुष्कळसा कारभार विजेच्या अबोल संकेतांवर चालतो. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे प्रदूषणनियम लागू झाले, त्यानंतर तर हे वळण अधिकच पक्के झाले. हे संकेत थांबले म्हणजे काय होते व बिघाड कसा शोधावा, हे आम्ही आज सांगणार आहोत. विषय यंत्राचा असला तरी प्रश्न गाडीमालकाच्या खिशाचा आहे.

गाडीत इंजिनाचा कारभार पाहणारी एक पेटी असते. तिला मिस्त्री ईसीएम म्हणतात. ब्रेकची पेटी वेगळी, चालकासमोरच्या मीटरची वेगळी. प्रत्येकीपासून प्रत्येकीपर्यंत स्वतंत्र तारा ओढल्या, तर गाडीत तारांचे जंगल होईल. यावर बॉश या जर्मन कंपनीने काढलेला तोडगा १९८६ साली जगापुढे आला. 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', म्हणजेच 'कॅन', हे त्याचे नाव. दोन तारांची एक जोडी आणि तिला जोडलेल्या सर्व पेट्या, एवढाच हा संसार. एक पेटी बोलते, बाकीच्या ऐकतात व ज्याचे त्याने कामाचे तेवढे उचलावे, अशी रीत. दोघी एकदम बोलू लागल्या, तर जिचा निरोप अधिक निकडीचा तिचे बोलणे पुढे चालू राहते; दुसरी आपण होऊन थांबते. आमच्या ग्रामसभांनी हेवा करावा अशी ही शिस्त!

या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा तिच्यासाठी मुद्दाम निवडली. मोटारीला मात्र शांत जागा मिळत नाही. ठिणग्या आणि विजेच्या मोटरी तिच्या पोटातच असतात. म्हणून कॅनमध्ये एका तारेचा दाब वर जातो, तेव्हा दुसरीचा खाली येतो आणि पेट्या दोहोंतला फरक तेवढा वाचतात. बाहेरचा गोंगाट दोन्ही पिळलेल्या तारांवर सारखाच पडतो. फरक कायम राहतो.

आता बिघाडाकडे वळू. समजा, मंचरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. स्कॅनर लावताच 'यू' या अक्षराने सुरू होणारा संकेत उमटला. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या पेटीशी बोलणे तुटले. पुष्कळदा येथेच घात होतो. 'पेटी गेली' असा निकाल देऊन हजारो रुपयांची नवी पेटी बसवली जाते आणि तीही मुकीच राहते. ही नोंद करणारी पेटी दुसरीच असते, हे ध्यानात ठेवावे. 'मला तिचे बोलणे ऐकू आले नाही,' एवढीच तिची साक्ष. ऐकू न येणे म्हणजे बोलणारी मेली, असे नव्हे. तिचा वीजपुरवठा तुटला असेल, अर्थिंग सैल असेल, वाटेत तार तुटली असेल.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरी तपासावी. ती उतरलेली असली तर खोटे संकेत येतात. मग स्कॅनरला कोणकोणत्या पेट्या उत्तर देतात ते पाहावे. एकच गप्प असेल, तर तिचा फ्यूज, अर्थिंग आणि तिच्याकडे जाणारी वायर तपासावी. सगळ्याच गप्प असतील, तर संशय मुख्य जोडीवर किंवा स्कॅनरच्या सॉकेटवर घ्यावा.

यापुढचे काम साधा मल्टिमीटर करतो. चावी काढून, बॅटरीची तार सोडून थोडा वेळ थांबावे आणि सॉकेटच्या ६ व १४ या क्रमांकांच्या पिनांमधला रोध मोजावा. जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. म्हणून आकडा ६० च्या आसपास यावा. १२० आला तर एक टोक तुटले आहे; शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मधे दुभाषी पेटी असलेल्या गाड्यांत हा आकडा निराळा येतो. तेथे कंपनीचा नकाशाच पाहावा. नंतर बॅटरी जोडून, चावी फिरवून दाब मोजावा. दोन्ही तारा अडीच व्होल्टच्या आसपास, एक किंचित वर व दुसरी किंचित खाली, असाव्यात. एखादी शून्यावर किंवा बाराच्या घरात असेल, तर ती कोठेतरी सांगाड्याला किंवा बॅटरीच्या तारेला टेकली आहे. तरीही उलगडा झाला नाही, तर प्रत्येक वेळी चावी बंद करून एकेक पेटी सोडवीत जावे. जी सोडताच बाकीच्या बोलू लागतात, ती पेटी किंवा तिची वायर दोषी.

आपल्या मुलखात दोषाची स्थाने ठरलेली आहेत. माळशेज-भीमाशंकरकडचा पाऊस कनेक्टरमध्ये शिरून पिना हिरव्या पाडतो. उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीचे वायरिंग उंदीर कुरतडतात. म्हणून मीटर हाती घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे, कनेक्टर हलवून पाहावा. तार जोडताना पीळ जसाच्या तसा ठेवावा. सुई खुपसून तार तपासू नये, त्या भोकातूनच पुढे ओल शिरते.

सारांश, यंत्र बदलले तरी निदानाचा धर्म बदलत नाही. पूर्वीचा जाणता वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा उगाळीत नसे. नवी पेटी घेण्यापूर्वी गाडीमालकाने मिस्त्रीला एवढेच विचारावे, 'रोध किती आला?' उत्तरात आकडा मिळाला तर पैसे निर्धास्त खर्चावेत; न मिळाला तर थोडे थांबावे.