जमीन वाटली नाही की माणसे निर्यात होतात

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेले गाव. पलीकडे आगरदांडा, समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला. आज दिघीचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बंदरामुळे. २०२१ साली हे बंदर अदानी समूहाने ७०५ कोटी रुपयांना घेतले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ज्या १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यांत दिघीचाही समावेश आहे. आता रोजगार येणार, असे सांगितले जाते. यायलाच हवा. पण पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावरची माणसे पोटासाठी बाहेर का जात राहिली, हे समजून घेतल्याशिवाय येणारा रोजगार कोणाच्या पदरात पडणार, हे कळणार नाही.

कोकणी माणूस धाडसी, त्याला समुद्राची ओढ, म्हणून तो परमुलखात गेला, असे कौतुकाने लिहिले जाते. हे अर्धसत्य आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पातकांत केली. ज्यांना जात गमावण्याची भीती होती, त्यांच्यासाठी ती आज्ञा होती. ज्याला गावाच्या पाणवठ्यावरच जागा नव्हती, त्याला समुद्र काय बाटवणार होता?

१८३४ पासून ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपत गेली आणि मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना स्वस्त मजुरांची गरज पडली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर कराराने तेथे नेण्यात आले. त्यांतले काही हजार मुंबई बंदरातून गेले. ते कोकणातले आणि देशावरचे कष्टकरी होते. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे तो त्यांचाच वंश. ज्या घाटावर हे मजूर उतरले, तो पोर्ट लुईचा ‘आप्रवासी घाट’ २००६ साली जागतिक वारसा ठरला. वारसा म्हणून त्या पायऱ्यांचा गौरव झाला, ही चांगली गोष्ट. पण त्या पायऱ्यांपर्यंत माणसाला कोणी ढकलले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उत्तर जमिनीत आहे. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोती होती. कुळाने राबायचे आणि खोताने घ्यायचे. महाराला तर वतनाच्या नावाखाली सरकारची आणि गावाची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाचे बिल मांडले, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. कायद्याने खोती गेली ती १९४९ नंतर आणि महार वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने. पुढे दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले, यावरून जमीन कोणाकडे राहिली होती हे उघड आहे.

मधल्या काळात आपला माणूस पलटणीत गेला, गोदीत गेला, रेल्वेत गेला, गिरणीत गेला. गिरणीतही जात आडवी आलीच. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. तरीही बाहेर पडण्याचा लाभ झाला. दिघीच्या दक्षिणेला, सावित्री खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे आंबडवे गाव आहे. त्यांच्या घराण्यातले पुरुष लष्करात गेले, म्हणून घरात अक्षर आले. १९२७ च्या महाड परिषदेच्या तयारीत मुंबईत वावरलेले दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते आणि परिषदेला लष्करातले पेन्शनर मोठ्या संख्येने आले होते. गाव सोडलेल्या माणसाने गावाला स्वाभिमान आणून दिला. मनीऑर्डरही आणली. जमीन मात्र त्याला आणता आली नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. आज युरोपातील सधन देशांत गणला जाणारा स्पेन पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंत तेथून लाखो लोक अर्जेंटिना, क्युबाकडे गेले. दक्षिणेच्या अँदालुसिया प्रांतात मूठभर जमीनदारांकडे अफाट शेती आणि बाकीचे रोजंदारीवर. १९३२ साली तेथील प्रजासत्ताकाने जमीन सुधारणेचा कायदा केला. यादवी युद्ध जिंकून सत्तेवर आलेल्या फ्रँकोने तो मोडीत काढला. नंतर याच हुकूमशाही राजवटीने १९५६ साली माणसे परदेशी पाठवण्यासाठी सरकारी संस्था काढली आणि १९६० साली पश्चिम जर्मनीशी मजूर पाठवण्याचा करार केला. लाखो स्पॅनिश मजूर जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत राबले. त्यांनी पाठवलेल्या पैशावर देशाची परकीय चलनाची तूट भरून निघाली. जमीन वाटायची नाही, माणसे निर्यात करायची आणि त्यांच्या घामावर तिजोरी चालवायची, असा तो हिशोब होता.

आपला हिशोब वेगळा आहे काय? १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडमधून आखाताची वाट मोठी झाली. कोकणी मुसलमान बांधवांनी जहाजांवरच्या जुन्या ओळखींच्या बळावर ती वाट धरली. ज्यांना गहाण टाकायला जमीन नाही, त्यांच्यासाठी एजंटाचा खर्चच डोंगराएवढा. कायद्याने नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात, हे किती घरांत ठाऊक आहे? दहावी न झालेल्याला १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी लागते. ती संरक्षणासाठी आहे. चोरवाटेने नेणारा दलाल नेमके तेच संरक्षण काढून घेतो आणि मग मालकाच्या मर्जीवर व्हिसा, मालकाच्या कपाटात पासपोर्ट! वेठबिगार वेशीवर संपली म्हणता म्हणता ती विमानतळापलीकडे भेटते.

म्हणून दिघीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मोबदला. पण त्या जमिनीवर मजुरी करणारा, खाडीत जाळे टाकणारा, यांचे काय? २०१३ चा भूसंपादन कायदा तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणाऱ्या भूमिहीन मजुरालाही बाधित कुटुंब मानतो. संपादन कोणत्याही कायद्याखाली होवो, हे तत्त्व दिघीत लागू झालेच पाहिजे. दुसरे, बंदर खासगी आहे आणि खासगी नोकरीत आरक्षण नाही. सवलती सरकारी, जमीन लोकांची आणि भरती मात्र मालकाच्या मर्जीची, हे कसे चालेल? सवलत देतानाच स्थानिक अनुसूचित जाती-जमाती, कोळी आणि भूमिहीनांच्या भरतीची व प्रशिक्षणाची अट घालता येते. ती घाला, असे ठणकावून सांगणारी संघटना हवी.

आणि जे जाणार आहेत त्यांना कोणी अडवू नये. बाबासाहेबही १९१३ साली समुद्र ओलांडून गेले आणि ज्ञान घेऊन परतले. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एजंटाचा परवाना तपासून द्यावा, करार वाचून दाखवावा, कागदांच्या प्रती घरी ठेवायला लावाव्यात. एवढे काम आपल्या विहारात बसून होऊ शकते. त्यासाठी कोणत्याही मंत्र्याची परवानगी लागत नाही.

माणसाने आपल्या इच्छेने जावे आणि इच्छा झाली तर परत येता यावे. परतायला पायाखाली जमीन आणि हाताला काम लागते. दिघीच्या बंदरातून उद्या माल जाईल. त्याच वाटेने आपली पोरेही नाइलाजाने जाणार असतील, तर त्या विकासाला विकास म्हणायचे की नाही, हे समाजाने आजच ठरवावे.