भाताची राखण आणि घरी भरलेला बार

आश्विन लागला, की मावळच्या खाचरांत इंद्रायणीच्या लोंब्या भरू लागतात आणि त्याच सुमारास डोंगरातली रानडुकरे खाली उतरतात. नाणे मावळ असो, पवन मावळ असो की आंदर मावळ, गाऱ्हाणे एकच. कळप जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो, लोळून भात आडवा करतो, आणि सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या घरधन्याला चार महिन्यांचा चिखल आठवतो. राखणीची साधने पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत: माळा, शेकोटी, पत्र्याचा डबा, गोफण, आरोळी. आणि ज्याच्याकडे सरकारी परवाना असे, त्याच्याकडे ठासणीची बंदूक.

ही बंदूक तोंडाकडून भरायची. नळीत आधी काळी दारू, त्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे लांब गजाने ठासायचे. मागच्या बाजूला तांब्याची छोटी टोपी बसवली, की बार तयार. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. म्हणजे या बंदुकीचा प्रत्येक बार घरच्या माणसानेच भरलेला असे. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. अशा हवेत सोऱ्याची दारू सर्द व्हायला वेळ लागत नाही. टोपी वाजायची, पण आतले काही पेटायचे नाही. फुसका बार आज आपण पुढाऱ्यांच्या भाषणाला म्हणतो. राखणदाराला मात्र तो अंधारात, समोर डुक्कर उभे असताना भेटत असे.

काडतुसाची बंदूक आली आणि हा खटाटोप कमी झाला. काडतूस म्हणजे एका नळकांड्यात बांधलेला तयार बार: खाली पितळी बूड, बुडात टोपी, वर दारू, मग बूच आणि छर्रे. बारा बोअर हा शब्द गावात सर्वांना ठाऊक आहे, त्याचा अर्थ मात्र थोड्यांना. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणून सोळा बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते. आपल्या पुणे जिल्ह्यातच खडकीला १८६९ साली दारुगोळ्याचा कारखाना निघाला आणि तो आजही चालू आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. लोणावळ्याहून सुटणारी लोकल त्याच खडकी स्टेशनावरून पुण्याला जाते.

पण काडतुसाला पैसे पडतात आणि रिकामे नळकांडे तर हातात उरते. ते पुन्हा भरावे, हा विचार जगभरच्या बंदूकवाल्यांना सुचला. अमेरिकेत तर हा रीतसर छंद आहे. घराच्या मागच्या खोलीत टेबल मांडून, हाताने दाबायचे यंत्र बसवून लोक सुटीच्या दिवशी काडतुसे भरतात. खर्च वाचतो आणि नेमबाजाला आपल्या बंदुकीला मानवेल असा बार मिळतो. तिथला कायदा वेगळा, तिथे दारू आणि टोप्या दुकानात उघड मिळतात. तरीही त्या छंदातली जाणती माणसे एक नियम कटाक्षाने पाळतात, की टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवायची.

या नियमामागे कारण आहे. जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळशाची. ती पेटली की धूर होतो. १८८४ साली व्हिएय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू काढली. ती दिसायला निरुपद्रवी, पण तेवढ्याच मापात तिचा जोर कितीतरी जास्त. काळ्या दारूचे माप धरून कोणी ती जुन्या नळीत भरली, तर नळी फाटते, आणि ती फाटते चेहऱ्याजवळ. दुसरा धोका दुहेरी मापाचा. बोलता बोलता एकाच नळकांड्यात दोनदा दारू पडली, तर वरून बघून ते कळेलच असे नाही. तिसरा धोका टोपीचा. तिच्यातले रसायन ठोक्यानेच पेटण्यासाठी केलेले असते. आपला ठोका कुठला आणि बंदुकीचा कुठला, हे त्याला समजत नाही. आणि हे सारे आपल्या घरात, जिथे चूल आहे, विडी आहे आणि सापडेल ते उघडून पाहणारी पोरे आहेत.

दारूचा साठा एका जागी असला म्हणजे काय होते, हे लोणावळ्याच्या दक्षिणेला पेठ शहापूरच्या माथ्यावरच्या कोरीगडाने पाहिले आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने लोहगड-विसापूर घेतल्यावर कोरीगडाला वेढा घातला. गड दाद देईना. मग एक तोफगोळा नेमका दारूकोठारावर पडला, कोठार उडाले आणि गडकऱ्यांना गड सोडावा लागला. तो चांगला तटबंदीचा गड होता. आपल्या घराची भिंत किती जाडीची असते?

आता कायद्याचे बोलू, कारण खरी अडचण पुष्कळांना माहीतच नसते. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात शेतकऱ्याचा विचार नाही असे म्हणता येणार नाही. पीक राखणीसाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, हे कायद्यातच लिहिले आहे, आणि तेवढी बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पण बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. शिवाय कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याचे यंत्र हेही दारुगोळ्यातच धरले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारुगोळा तयार करणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. काडतुसामागे वाचणारे चार पैसे एकीकडे आणि सात वर्षे दुसरीकडे. त्या सात वर्षांत शेत कोण पाहील, पोरीचे लग्न कोण करील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

काही घरांत आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असते. परवाना आजोबांच्या नावाचा आणि आजोबा जाऊन वर्षे झालेली. परवाना वारसाहक्काने आपोआप मिळत नाही. अशी बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती बंदूक रिकामी आहे असे गृहीत धरू नये. ठासलेला बार बाहेरून दिसत नाही आणि कोरडी राहिलेली काळी दारू किती तरी वर्षांनीही पेटू शकते. नळीत डोकावू नये, गज घालून पाहू नये, पोरांना खेळायला देऊ नये. आधी ठाण्यात कळवावे आणि ते सांगतील तसे करावे.

मग डुकरांचे काय करायचे? परवान्याची बंदूक असली तरी रानडुक्कर मनाला येईल तेव्हा मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झाला, तर वनखात्याकडून लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. नुकसान झाले तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे, आडवे झालेले पीक पंचनामा होईपर्यंत उचलू नये, फोटो काढून ठेवावेत आणि सातबारा जवळ ठेवावा. वनखात्याकडून भरपाई मिळते. ती पुरेशी असते असे कोणी म्हणणार नाही, आणि हेलपाटेही होतात. पण अर्जच केला नाही तर काहीच मिळत नाही.

बंदूक नसलेले काही लोक याहून वाईट मार्गाला लागतात. दारूचे गोळे आमिषात घालून बांधावर ठेवतात. डुक्कर मरते की नाही देव जाणे. गावातली गाय चरता चरता जबडा फोडून घेते, कुत्रा तो गोळा तोंडात धरून अंगणात आणतो. २०२० च्या मे महिन्यात केरळात असाच स्फोटक भरलेला घास खाऊन एक गाभण हत्तीण मेली आणि देशभर बोभाटा झाला. आपल्या वाडीतल्या गाईचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, एवढाच फरक.

ज्या पोरांना खरोखरच बंदुकीचे वेड आहे, त्यांच्यासाठी मावळातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर, पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीचे मैदान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असाच खेड्यातला मुलगा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. सुरुवात बहुतेक मुले हवेच्या रायफलीने करतात. तिच्यात दारू नसतेच, नुसती शिशाची बारीक गोळी असते. पुढे स्वप्नीलच्या प्रकारात पॉइंट टू टू रायफल येते. तिच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेट घेणारे रसायन पितळी बुडाच्या काठातच बसवलेले असते आणि घोड्याच्या ठोक्याने तो काठच चेपतो. त्यामुळे ते एकदा उडाले की पुन्हा भरण्यासारखे राहत नाही. नेमबाज ती रिकामी नळकांडी केराच्या डब्यात टाकतात आणि पुढची गोळी घेतात.