रंगमंचावरचं खरं बोलणं : रशियन वास्तववादी अभिनयाचा उदय

कला जगाचं अनुकरण करते असं आपण सहज म्हणतो. पण अनुकरण नेमकं कशाचं? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला ग्रंथात शोधायची सवय. आज मात्र तो आपण रशियन रंगभूमीवर शोधणार आहोत. कारण तिथे नटांनी या प्रश्नाचं उत्तर अंगावर घेतलं.

सुरुवात करूया १८१० सालापासून. मिखाईल श्चेपकिन नावाचा एक तरुण नट होता. तो भूदास होता, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा माणूस. त्या काळी रशियातले बडे उमराव आपल्या भूदासांना नाच, गाणं, अभिनय शिकवून घरची नाटकमंडळी ठेवत. रात्री रंगमंचावर राजा झालेला माणूस सकाळी पुन्हा मालकाच्या सेवेत हजर. त्या वेळचा अभिनय कसा होता, हे श्चेपकिनने आठवणींत लिहून ठेवलंय. नट ओरडून बोलत, जवळजवळ प्रत्येक शब्दाला हातवारे करत, आणि रंगमंचावरून जाताना उजवा हात वर करायचा असा रिवाजच होता. यालाच उत्तम अभिनय समजत.

अशात श्चेपकिनने एका हौशी प्रयोगात प्रिन्स मेश्चेर्स्की यांना पाहिलं. नाटक सुमारोकोवचं. प्रिन्स साधं बोलत होते, घरात बोलतो तसं. श्चेपकिनला आधी वाटलं, छे, यांना अभिनय येतच नाही! पण नाटक पुढे सरकलं तसा तो त्या माणसात गुंतत गेला. मग त्याने स्वतः साधं बोलून पाहिलं, तर जमेना. साधं बोलायचं ठरवलं की तेही नाटकीच व्हायचं. पुढे एकदा मोलिएरच्या नाटकाची तालीम होती. खूप दमला होता, म्हणून जोर न लावता नुसते संवाद म्हणत गेला, आणि एकदम लक्षात आलं, अरे, आपण साधं बोलतोय! इथे आपण जरा थांबूया. नैसर्गिक असणं ही गोष्ट प्रयत्न करून मिळत नाही, आणि प्रयत्न सोडूनही रोज मिळेल याची खात्री नाही. पुढची शंभर वर्षं रशियन नट याच पेचाशी झगडत होते.

चाहत्यांनी वर्गणी काढून श्चेपकिनची भूदासगिरीतून सुटका केली. पुढे तो मॉस्कोच्या माली थिएटरचा आधारस्तंभ झाला. १८३६ साली गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’मधला लाचखाऊ नगरप्रमुख त्याने मॉस्कोत उभा केला. गोगोलचा आग्रह एकच होता, विडंबन करू नका. पात्राला आपण हास्यास्पद आहोत हे कळता कामा नये. मग आले ओस्त्रोव्स्की. त्यांनी मॉस्कोच्या व्यापाऱ्यांची बोलीच रंगमंचावर आणली. इतकी, की माली थिएटरला लोक ‘ओस्त्रोव्स्कीचं घर’ म्हणू लागले. बघा, वास्तववाद म्हणजे नुसती शैली नव्हे. कुणाचं बोलणं ऐकण्याच्या लायकीचं, हा त्यातला खरा प्रश्न. हे उत्तर बदलायला एका भूदास नटाने सुरुवात केली, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

१८६३ साली श्चेपकिन वारला, आणि त्याच वर्षी स्तानिस्लावस्कीचा जन्म झाला. जून १८९७ मध्ये स्तानिस्लावस्की आणि नेमिरोविच-दानचेन्को मॉस्कोच्या एका उपाहारगृहात दुपारी भेटले, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलतच बसले. या अठरा तासांच्या बैठकीतून मॉस्को आर्ट थिएटर जन्माला आलं.

त्याआधी, १८९६ साली, पीटर्सबर्गमध्ये चेखॉवचं ‘सी-गल’ सपशेल पडलं होतं. त्या रात्रीचा प्रयोग एका विनोदी नटीच्या सन्मानार्थ होता, प्रेक्षक हसायलाच आलेले, आणि नाटक तर वेगळंच. ते नको तिथे हसले. डिसेंबर १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक केलं. पहिला अंक संपला. शांतता. नटांना वाटलं, संपलं सगळं. आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

फरक कुठे पडला? स्तानिस्लावस्कीने रंगमंचावर खरं वातावरण उभं केलं, अगदी बेडकांचं ओरडणं, रातकिड्यांची किरकिर, सगळं. पण चेखॉवना हे फारसं रुचलं नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं : चांगल्या चित्रातल्या चेहऱ्याचं नाक कापून तिथे खरं नाक बसवलं, तर नाक खरं असेल, पण चित्र बिघडेल. आमच्या मते सौंदर्यशास्त्राचं अख्खं प्रकरण या एका दाखल्यात आहे. खऱ्या वस्तू आणल्या म्हणजे सत्य येत नाही.

मग सत्य असतं कुठे? ‘अंकल वान्या’ घ्या. शेवटच्या अंकात डॉक्टर आस्त्रोव भिंतीवरचा आफ्रिकेचा नकाशा बघून, तिथे आता फार उकडत असेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. आफ्रिकेचा या नाटकाशी काडीचाही संबंध नाही. पण त्या वाक्याखाली निरोप आहे, हुकलेलं प्रेम आहे, पुढे पसरलेला रिकामा हिवाळा आहे. शब्द एक आणि त्याखालून वाहणारं दुसरंच. हे वाहणारं नटात नसेल, तर कितीही बेडूक ओरडले तरी उपयोग शून्य.

स्तानिस्लावस्कीलाही हे उमगलं, आणि स्वतःवर बेतल्यावर. १९०६च्या सुमाराला त्याला जाणवलं की आपल्या गाजलेल्या भूमिका आतून मेल्या आहेत, उरल्यात त्या सवयी. त्या अस्वस्थतेतून त्याची ‘पद्धती’ घडत गेली. तिचा गाभा एका छोट्या शब्दात आहे : ‘जर’. मी राजा आहे असं मानायला नट वेडा नसतो. पण ‘मी जर या परिस्थितीत असतो, तर काय केलं असतं?’ हे तो प्रामाणिकपणे विचारू शकतो. भावनेला हुकूम देता येत नाही, कृती मात्र ठरवता येते. भावना कृतीच्या मागून येते. दमलेल्या श्चेपकिनला जे अपघाताने सापडलं, त्याकडे जाणारी वाट स्तानिस्लावस्कीने बांधली. आपल्याकडे के. नारायण काळे यांच्या ‘अभिनय साधना’ या अनुवादामुळे ही वाट मराठीतही आली.

शेवट मात्र कटू आहे. १९३४ नंतर सोव्हिएत राज्यात समाजवादी वास्तववाद हेच अधिकृत धोरण झालं. ‘सी-गल’मध्ये नव्या रूपांसाठी तळमळणाऱ्या त्रेपलेवची भूमिका केली होती मेयरहोल्डने. पुढे त्याने वास्तववाद सोडून वेगळी वाट धरली. १९३८ साली त्याचं थिएटर बंद केलं गेलं. तेव्हा त्याला काम कुणी दिलं? मतभेद असूनही स्तानिस्लावस्कीनेच. त्याच वर्षी स्तानिस्लावस्की वारला. मेयरहोल्डला १९३९ मध्ये अटक झाली आणि १९४० मध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच. खरं बोलण्याची धडपड एका भूदासाने सुरू केली, तेव्हा ती मुक्तीची वाट होती. ‘खरं’ म्हणजे काय हे सरकार ठरवू लागलं, तेव्हा त्याच शब्दाची बेडी झाली. रंगमंचावरचं सत्य दर रात्री नव्याने शोधावं लागतं, आणि आम्हाला वाटतं, रंगमंचाबाहेरचंही तसंच आहे. पुढच्या व्याख्यानात आपण मेयरहोल्डची बाजू ऐकूया.