मोतिया की हस्तिदंती?

दिवाळी तोंडावर आली की जळगाव-धुळ्यातील घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. गडद रंगांबाबत आवडनिवड स्पष्ट असते. खरा घोळ होतो तो मोतिया आणि हस्तिदंती यांसारख्या दोन फिक्या छटांमध्ये. मोतियात सहसा करड्याचा अंश असतो, हस्तिदंतीत पिवळ्याचा. शेडकार्डावर हा फरक नगण्य भासतो. चारही भिंती रंगल्या की मात्र तीच खोली कळकट किंवा पिवळीजर्द वाटू लागते. दुकानात यंत्रावर मिसळून घेतलेला रंग परत घेतला जात नाही, त्यामुळे चूक महागात पडते.

डोळा रंग पाहतो तो शेजारच्या रंगासह. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी शोध घेतला, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत असल्याचे आढळले. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. चुन्यात चिमूटभर नीळ घालून पिवळटपणा झाकणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या पिढीला रंगांचे हे नाते ग्रंथाविनाच उमगले होते.

उत्तरेकडील खोलीत प्रकाश निळसर, म्हणून तेथे पिवळसर छटा द्यावी, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो मूळचा युरोपातला. जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. येथे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे उत्तरेच्या खिडकीतही शिरतात. हिवाळ्यात मात्र हीच खोली दिवसभर निळसर सावलीत राहते. पश्चिमेच्या खोलीत मावळतीचे ऊन हस्तिदंतीला अधिकच पिवळे करते. तेथे मोतिया बरा. त्यात फरशीही हात धुऊन घेते. कोटा फरशीवरून परतणारा प्रकाश भिंतीच्या खालच्या भागाला हिरवट झाक देतो.

म्हणून निवड दुकानात नव्हे, त्याच खोलीत करावी. जुन्या रंगावर पट्टा मारून पाहण्याची पद्धत फसवी. खालचा रंग निर्णयात लुडबुड करतो. पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे घेऊन प्रत्येकाला एका छटेचे दोन हात द्यावेत. ते शेजारी-शेजारी न ठेवता एकेक करून वेगवेगळ्या भिंतींना टेकवावेत आणि सकाळी, दुपारी चारला व रात्री पाहावेत. रात्री दिवा तोच हवा, जो नंतर खोलीत राहणार आहे: २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी आणि ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी यांखाली एकच छटा दोन वेगळ्या रंगांची वाटते. मन तरीही दोलायमान राहिले, तर दोहोंतली फिकी छटा घ्यावी, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश टाकून रंग गडद करतात.

घाई मात्र नको. चुना वाळताना पांढरा होत जातो, इमल्शन सहसा किंचित गडद होते. तेव्हा पुठ्ठे रात्रभर वाळू द्यावेत.